मुंबईतील घरांचा प्रश्न : विकास, पुनर्वसन आणि महापालिकेचे अधिकार

वस्तीत पुनर्विकासाची बैठक लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : घर किती फुटांचे मिळणार? दुसरा प्रश्न भाड्याचा : घर बांधून होईपर्यंत महिन्याला किती देणार आणि किती वर्षे देणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दहा बाय पंधराच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाने फुटांचा हिशेब करायचा नाही तर कोणी करायचा? पण तिसरा प्रश्न आमच्या बैठकांत क्वचितच निघतो. आपल्या घराचे, आपल्या जागेचे आणि आपल्या शहराचे हे सगळे ठरवतो कोण? कोणत्या कायद्याने ठरवतो आणि त्याला जाब कुठे विचारायचा?

या लेखात आम्ही मुंबईच्या घरांच्या धोरणाची माहिती एकत्र मांडत आहोत. तरुण कार्यकर्त्यांनी बैठकीला जाण्यापूर्वी वाचावी, वस्तीत समजावून सांगावी, एवढाच हेतू आहे. शेवटी आमची भूमिकाही मांडली आहे. ती सर्वांना पटेलच असे नाही. पण वाद घालायचा तर माहितीच्या आधारावर घालावा.

महाडचा धडा : ठराव कोणाच्या हातात?

स्थानिक स्वराज्य संस्था हा आपल्या चळवळीला परका विषय नाही. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव आणला. त्याला अनुसरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर काय झाले, हे आपण अनेकदा विसरतो. त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, नगरपालिकेचा ठराव माणसाच्या पाण्यापर्यंत पोहोचतो. म्हणून नगरपालिकेत कोण बसते याला महत्त्व आहे. दोन, सत्ता स्थानिक आहे म्हणून ती आपोआप न्यायी होत नाही. स्थानिक बहुमत आज दिलेला हक्क उद्या काढून घेऊ शकते. त्यामुळे स्थानिक सत्ताही हवी आणि तिच्यावर संविधानाचा, कायद्याचा, राखीव प्रतिनिधित्वाचा अंकुशही हवा. मुंबईच्या घरांचा प्रश्न समजून घेताना हे दोन्ही मुद्दे लक्षात ठेवावे लागतील.

प्लेगपासून बीडीडी चाळींपर्यंत

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट, अंधाऱ्या वस्त्यांमुळे रोग पसरतो, असे कारण देऊन सरकारने १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने रस्ते रुंद केले, गलिच्छ ठरवलेल्या वस्त्या पाडल्या आणि काही चाळी बांधल्या. पाडलेल्या खोल्या जास्त, बांधलेल्या कमी. ज्यांची घरे गेली त्यांतले बहुतेक शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राहायला गेले. परळची बीआयटी चाळ याच ट्रस्टची. बाबासाहेब सुमारे दोन दशके या चाळीत राहिले आणि महाडचा लढा चालवला तेव्हा त्यांचा पत्ता हाच होता.

१९२० मध्ये सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. घोषणा होती ५० हजार खोल्यांची. उभ्या राहिल्या २०७ चाळी आणि सुमारे साडेसोळा हजार खोल्या. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. सुरुवातीला कामगार तिथे जायलाही तयार नव्हते. अनेक खोल्या रिकाम्या पडल्या. नंतर याच चाळी गिरणी कामगारांच्या, पोलिसांच्या आणि आंबेडकरी चळवळीच्या झाल्या. सभा, जलसे, जयंती, वाचनालये, पँथरच्या काळातील संघर्ष, हे सगळे या चाळींच्या मैदानांवर घडले.

मोठी घोषणा आणि अपुरी पूर्तता ही या शहराची शंभर वर्षांची रीत आहे. हे ध्यानात ठेवले की पुढचा इतिहास समजायला सोपा जातो.

पाडापाडीपासून मोफत घरापर्यंत

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने चाळीतल्या भाडेकरूला संरक्षण मिळाले. भाडी गोठली. त्याचा दुसरा परिणाम असा की मालकांनी दुरुस्ती सोडली आणि भाड्याची नवी घरे बांधणे जवळपास थांबले. कामाच्या शोधात येणाऱ्या माणसाला भाड्याची खोली परवडेना, म्हणून तो मोकळ्या जागेवर, नाल्याकाठी, रेल्वेलगत झोपडी बांधू लागला.

सुरुवातीची अनेक वर्षे सरकारचे उत्तर होते : पाडा. १९७१ मध्ये झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास अधिनियम आला. त्यानंतर वस्त्यांत नळ, संडास, दिवे, पायवाटा देण्याची योजना सुरू झाली. १९७६ मध्ये झोपड्यांची गणना होऊन फोटोपास मिळाले. ते अनेक कुटुंबांनी आजही जपून ठेवले आहेत. १९८१ मध्ये फुटपाथवरच्या लोकांना हटवण्याची मोहीम निघाली. त्यातून ओल्गा टेलिस खटला उभा राहिला. १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पण पर्यायी जागा देणे प्रत्येक वेळी बंधनकारक आहे, असे मात्र म्हटले नाही. आपल्या सभांत या निकालाचा पहिला भाग सांगितला जातो, दुसरा राहून जातो.

१९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने एक वेगळा प्रयोग झाला. चारकोप, गोराई, मालवणी येथे रस्ता, पाणी, गटार यांची सोय करून लहान भूखंड दिले गेले आणि लोकांनी ऐपतीप्रमाणे घरे बांधली. काही झोपडपट्ट्यांत जमीन रहिवाशांच्या सहकारी संस्थेला भाडेपट्ट्याने देण्यात आली. आज चारकोपला गेलात तर ती साधी, नांदती वसाहत दिसते. पण हा रस्ता पुढे चालवला गेला नाही.

१९९५ मध्ये युती सरकारने ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याचे आश्वासन दिले. अफझलपूरकर समितीच्या शिफारशींनंतर त्याच वर्षी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए, स्थापन झाले. तीन दशके झाली, त्या आकड्याच्या जवळपासही पोहोचता आलेले नाही. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईच्या १ कोटी २४ लाख लोकसंख्येपैकी सुमारे ५२ लाख लोक झोपडपट्टीत राहत होते. म्हणजे दर पाचांतले दोन.

एसआरए योजना कशी चालते?

योजनेचे गणित समजून घ्या. सरकार पैसे देत नाही. विकासक झोपडपट्टीच्या जागेवर पात्र रहिवाशांना मोफत घरे बांधून देतो. त्याबदल्यात त्याला जास्तीचा चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, मिळतो. एखाद्या भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचे प्रमाण म्हणजे एफएसआय. हजार फुटांच्या जागेवर एफएसआय १ असेल तर हजार फूट बांधकाम, ४ असेल तर चार हजार. या जादा बांधकामाची घरे विकासक बाजारभावाने विकतो आणि त्यातून आपल्या घरांचा खर्च व त्याचा नफा निघतो.

या गणितातून पुढच्या सगळ्या अडचणी येतात. बाजारभाव जास्त असेल तिथे विकासक रांग लावतात. भाव कमी असेल तिथे योजना वर्षानुवर्षे रखडते. विक्रीच्या इमारतीला चांगली बाजू हवी म्हणून पुनर्वसनाच्या इमारती कोपऱ्यात, एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. बाजार मंदावला की काम थांबते, भाडे बंद होते आणि कुटुंब ना जुन्या घरात ना नव्या, अशा अवस्थेत अडकते.

घराचा आकार मात्र वाढत गेला आहे. सुरुवातीला २२५ चौरस फूट, २००८ नंतर २६९ आणि आता ३०० चौरस फूट. ही वाढ लोकांच्या मागणीमुळे झाली, हे मान्य केले पाहिजे. संमतीची अट मात्र उलट दिशेने गेली. आधी ७० टक्के रहिवाशांची संमती लागत असे, आता ५१ टक्के पुरते.

पात्रता ठरते ती परिशिष्ट-२ नावाच्या यादीत. १ जानेवारी २००० पूर्वीपासून झोपडी असल्याचा पुरावा असेल तर घर मोफत. २००० ते १ जानेवारी २०११ या काळातील झोपडीधारकाला घर मिळते, पण सशुल्क. ही किंमत अडीच लाख रुपये ठरवण्यात आली आहे. त्यानंतर आलेला अपात्र. झोपडीच्या माळ्यावर राहणारे कुटुंबही या योजनेत पात्र ठरत नाही, मग ते तिथे कितीही वर्षे राहत असो. भावाभावांत खालचा आणि वरचा असा वाटा झालेला असतो. खालच्याला घर मिळते, वरच्याला रस्ता. एका आईची दोन मुले अशी पात्र-अपात्र ठरलेली आपल्या प्रत्येक वस्तीत सापडतील.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका रखडलेल्या योजनेच्या प्रकरणात या कायद्याच्या कारभाराबद्दल चिंता व्यक्त केली आणि १९७१ च्या अधिनियमाचा प्रत्यक्षात काय परिणाम झाला याची तपासणी करण्यास मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले. कायदा चुकतो की अंमलबजावणी, हा प्रश्न आता न्यायालयानेच विचारला आहे.

एकाच शहरात दोन मापे

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचा निर्णय २०१६ मध्ये झाला आणि ते काम म्हाडाकडे आले. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग या तीन ठिकाणच्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मोफत मिळते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना पहिल्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीतून चाळिसेक मजली इमारतीत गेलेल्या आपल्या माणसांचा आनंद आम्ही कमी लेखत नाही. शिवडीच्या चाळी केंद्राच्या अखत्यारीतील बंदराच्या जमिनीवर, म्हणून त्या मागे राहिल्या. त्याच विभागाने, त्याच काळात बांधलेली चाळ. फरक एवढाच की जमीन कोणाची.

धारावीत तिसरे माप आहे. २०२२ च्या निविदेत अदानी समूहाची ५,०६९ कोटींची बोली मान्य झाली. प्रकल्प कंपनीत समूहाचा वाटा ८० टक्के आणि राज्य सरकारचा २० टक्के. पात्र रहिवाशांना धारावीतच ३५० चौरस फूट. अपात्रांना धारावीबाहेर भाडे-खरेदी किंवा सशुल्क घर. त्यासाठी मिठागरांची सुमारे २५६ एकर आणि देवनार कचराभूमीची १२४ एकर जमीन देण्याचे निर्णय झाले आहेत. कचराभूमीशेजारी राहण्याचा अर्थ गोवंडी-मानखुर्दच्या लोकांना विचारा. आणि घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, जिथे ११ जुलै १९९७ च्या गोळीबारात दहा जणांचा जीव गेला, तिथला पुनर्विकास एमएमआरडीए आणि एसआरए संयुक्तपणे करत आहेत, कारण पूर्व मुक्त मार्गाच्या विस्ताराला तिथली जागा हवी आहे.

म्हाडा, एसआरए, एमएमआरडीए, धारावी प्रकल्प. चार संस्था, चार मापे. या यादीत महापालिकेचे नाव कुठे आहे?

वादाच्या बाजू

शहराच्या वाढीबद्दल तीन मते प्रामुख्याने मांडली जातात. तिन्ही नीट ऐकली पाहिजेत.

पहिले मत : बांधकाम वाढवा, भाव उतरतील. या बाजूचे अर्थतज्ज्ञ म्हणतात की मुंबईने १९६४ पासून एफएसआय फार कमी ठेवला, त्यामुळे घरे कमी बांधली गेली आणि महाग झाली. गरीब झोपडीत ढकलला गेला. या म्हणण्यात तथ्य आहे. घरांची टंचाई सर्वांत आधी गरिबालाच भोवते. पण मुंबईत एफएसआय वाढत गेला तसे जमिनीचे भावही चढत गेले, कारण जादा बांधकामाची किंमत जमिनीच्या भावात आधीच धरली जाते. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक सर्वेक्षणाने जनगणनेच्या आधारे दाखवले की मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी होती. माणसे घराविना आणि घरे माणसांविना असतील, तर फक्त इमारती उंच करून प्रश्न सुटणार नाही.

दुसरे मत : आधी पायाभूत सोयी, मग वाढ. पाणी, गटार, रस्ते, शाळा, मैदाने यांची क्षमता न पाहता बांधकाम वाढवले तर शहर कोलमडेल. हेही खरे. पण हा युक्तिवाद अनेकदा सोयीच्या वेळी केला जातो. शेजारी टॉवर आला तर तक्रार नसते. टॉवरमागे पुनर्वसनाची इमारत आली की सोयींवर ताण पडतो, अशी ओरड होते.

तिसरे मत : आहे तिथेच सुधारणा. जमिनीचा हक्क रहिवाशांच्या संस्थेला द्या, सोयी द्या, घर लोक बांधतील. चारकोपचा अनुभव या बाजूने आहे. अडचण अशी की फार दाट वस्तीत नुसती सुधारणा अपुरी पडते आणि आपल्या तरुणांनाही लिफ्ट असलेली इमारत हवी आहे. ती इच्छा चुकीची ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण इमारत मिळाली म्हणजे घर मिळाले, असेही नाही. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने २०१८ मध्ये मांडला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड येथे क्षयरोगाचे प्रमाण जवळच्याच, मोकळ्या रचनेच्या वसाहतीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळले. इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर. खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. माहुलच्या वसाहतीत, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, प्रकल्पग्रस्तांना पाठवण्यात आले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की लोकांना तिथे राहायला भाग पाडू नका, दुसरी जागा द्या किंवा भाडे द्या. प्लेगच्या वेळी ज्या अंधाऱ्या खोल्या पाडल्या, तशाच खोल्या सव्वाशे वर्षांनी सरकारी परवानगीने बांधल्या गेल्या.

महापालिकेकडे काय उरले?

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यासोबत आलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांना देता येतील असे १८ विषय आहेत. नगरनियोजन, झोपडपट्टी सुधारणा आणि शहरी दारिद्र्य निर्मूलन हे त्यांतलेच. पण अनुसूचीतले विषय प्रत्यक्ष सोपवायचे की नाही, हे राज्यावर सोडले आहे. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन एसआरएकडे, वसाहती म्हाडाकडे, मोठे प्रकल्प एमएमआरडीएकडे. तिन्ही राज्य सरकारच्या. विकास आराखडा महापालिका तयार करते, मंजुरी राज्याची. नियमावलीत बदल सुचवण्याचा व अंतिम करण्याचा अधिकारही राज्याकडे. आयुक्त राज्य सरकार नेमते आणि १८८८ च्या कायद्यानुसार कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आहेत.

म्हणजे २०२५-२६ साली ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प असलेल्या महापालिकेचा नगरसेवक तुमच्या गल्लीतले गटार साफ करून देऊ शकतो. पण तुमच्या वस्तीच्या पुनर्वसन योजनेवर त्याचे मत घेतले जाईलच, असे नाही.

त्यात निवडून आलेले सभागृहच नव्हते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आला. संविधानाचे कलम २४३ यू सांगते की मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे. प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात ती रखडत गेली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. जवळपास चार वर्षे ज्याने अर्थसंकल्प मांडायचा त्यानेच तो मंजूर करायचा, असा कारभार चालला. धारावीपासून मिठागरांपर्यंतचे मोठे निर्णय याच काळातले.

२२७ जागांपैकी १५ अनुसूचित जातींसाठी, २ अनुसूचित जमातींसाठी आणि ६१ इतर मागासवर्गासाठी राखीव; निम्म्या जागा महिलांसाठी. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईत बौद्धांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास. मते अनेक प्रभागांत विखुरलेली, म्हणून एकट्याच्या बळावर सभागृहात पोहोचणे कठीण. पण झोपडपट्टीत राहणारा आपला माणूस तिथल्या मुस्लिम, मातंग, उत्तर भारतीय, तमिळ, कोकणी शेजाऱ्यासोबत एकाच परिशिष्ट-२ मध्ये असतो. घराच्या प्रश्नावर आघाडी तिथेच तयार आहे.

भाड्याचे घर आणि आडनाव

एक मुद्दा धोरणाच्या चर्चेत नेहमी सुटतो. नोकरी लागलेला आपला मुलगा वस्तीबाहेर भाड्याने घर बघायला जातो तेव्हा त्याला आडनाव विचारले जाते, मांसाहार विचारला जातो, भिंतीवर कोणाचा फोटो लावणार हेही विचारले जाते. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नकार किंवा जाचक अटी जास्त मिळतात, हे त्यात दिसले. मुंबईत याहून वेगळे घडते, असे आमचा अनुभव सांगत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. राज्याने नागरिकांत भेद करू नये, हे संविधानाने पक्के केले; खासगी घरमालकाने करू नये, यासाठी ठोस गृहनिर्माण कायदा अजून झालेला नाही. आपल्या मागण्यांच्या यादीत ही मागणी वर असली पाहिजे.

कार्यकर्त्याने कुठे उभे राहावे?

वस्ती जागी होते ती बुलडोझर आल्यावर. तोपर्यंत चार दारे बंद झालेली असतात.

पहिले दार हरकती-सूचनांचे. विकास आराखड्यात किंवा नियमावलीत बदल करताना नोटीस निघते, ठरावीक मुदतीत हरकत घेता येते. २०१५ च्या विकास आराखड्याच्या मसुद्यावर हजारो हरकती आल्या, चुका उघड झाल्या आणि सरकारला तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने काम करावे लागले. सुधारित नियमावली २०१८ मध्ये लागू झाली. हरकत घेऊन काही होत नाही, असे म्हणणाऱ्याला हे उदाहरण सांगा.

दुसरे दार संमतीचे. संमतीपत्रावर सही म्हणजे हजेरी नव्हे. सही करण्यापूर्वी सर्वसाधारण सभा झाली का, इतिवृत्त लिहिले का, विकासकाने यापूर्वी कुठे काम पूर्ण केले, याची माहिती मागा. इमारतीची उंची, दोन इमारतींमधील अंतर आणि देखभालीचा निधी हे तीन मुद्दे फुटांइतकेच महत्त्वाचे आहेत. मोफत घर मिळाल्यावर लिफ्टचा खर्च परवडला नाही म्हणून विकून गेलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. विहार, अभ्यासिका, बालवाडी यांची जागा नकाशावर दाखवून घ्या. तोंडी शब्द इमारतीत राहत नाही.

तिसरे दार पात्रतेचे. परिशिष्ट-२ ची प्रारूप यादी लागली की प्रत्येक घर तपासा. मतदार यादीचा उतारा, वीज बिल, शिधापत्रिका, फोटोपास यांच्या प्रती विहारात एका फाइलमध्ये ठेवा. आगीत, पुरात कागद जातात आणि कागदाबरोबर हक्क जातो. अपात्र ठरलेल्याला अपिलाचा मार्ग आहे. त्यापुढे शिखर तक्रार निवारण समिती आहे. विधवा, एकटी स्त्री, वयस्क जोडपे यांचे अर्ज आधी भरा. भाड्यासाठी विकासकाने दोन वर्षांची रक्कम आगाऊ जमा करावी, असा एसआरएचा नियम आता आहे. ती जमा झाल्याचा कागद पाहिल्याशिवाय कोणी घर रिकामे करू नये.

चौथे दार प्रभागाचे. प्रभाग समित्यांवर स्वयंसेवी व वस्ती संघटनांचे प्रतिनिधी घेण्याची कायद्यात तरतूद आहे. २००९ मध्ये क्षेत्रसभांची तरतूदही झाली. ग्रामसभेसारखी मतदारांची सभा शहरात व्हावी, हा तिचा हेतू. ती कागदावरच राहिली आहे. नव्या नगरसेवकाकडे रस्ता, दिवा मागताना क्षेत्रसभाही मागा. माहितीच्या अधिकारात योजनेचे आशयपत्र आणि मंजूर नकाशे मिळतात. महिन्याला एक अर्ज, एवढे काम कोणत्याही युवक मंडळाला जमेल.

आमची भूमिका

शहर वाढू नये, असे आम्ही म्हणत नाही. आपले आईवडील या शहराच्या वाढीमुळेच गावच्या गावकुसाबाहेरून इथे आले. शहराने जात संपवली नाही, पण पगार दिला, शाळा दिली, गर्दीत मान वर करून चालायची जागा दिली. म्हणून शहरातल्या घराचा प्रश्न आपल्यासाठी मालमत्तेपुरता नाही. शहरातून बाहेर फेकले जाणे म्हणजे त्या संधीतून बाहेर फेकले जाणे.

आमच्या मागण्या सरळ आहेत. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या निर्णयात निवडून आलेल्या महापालिकेचा आणि क्षेत्रसभेचा कायदेशीर सहभाग असावा. सार्वजनिक जमिनीवर सार्वजनिक संस्थेने बांधावे. वरळीत होऊ शकते तर गोवंडीत का नाही? शहरात घराचे किमान माप, ऊन-वारा आणि मोकळ्या जागेचा किमान नियम सर्वांना एकच असावा. माळ्यावरचे कुटुंब आणि भाडेकरू यांच्यासाठी परवडणाऱ्या भाड्याची सार्वजनिक घरे असावीत. आणि भाड्याच्या घरात जातिभेद करणाऱ्याला शिक्षा व्हावी.

महाडच्या नगरपालिकेने ठराव केला, मागे घेतला, आणि दहा वर्षांनी न्यायालयात हक्क सिद्ध झाला. त्या दहा वर्षांत तारखांना जाणारी, कागद सांभाळणारी माणसे होती. पुढच्या बैठकीत घर किती फुटांचे, हे जरूर विचारा. लगेच पुढचा प्रश्न विचारा : हे कोणी ठरवले, आणि आम्हाला विचारले कधी?